दवाखाना स्टॉपचा नंबर

"बसू नका, म्याडम. तुमची रिक्षा येतीया."

मी एक पाय रिक्षात टाकला होता, तो तसाच अधांतरी राहिला. रिक्षा रिकामी होती. पुढच्या काचेवर हिरव्या अक्षरांत 'हाक' लिहिलेलं स्टिकर होतं, आणि त्याच 'हाक' नावाच्या अ‍ॅपवर मी आत्ताच रिक्षा बोलावली होती.

"ही हाकचीच रिक्षा ना?" मी विचारलं.

"हाय की."

"रिकामी आहे ना?"

"हाय की. पण माझा नंबर न्हाई." चालवणारा तरुण होता, गळ्यात रुमाल, चेहऱ्यावर जरासा संकोच. "नंबर बाबालालचाचाचा हाय. आत्ताच फोन करून इचारलं, स्टॉपावरनं निघालाय बगा त्यो."

"अरे, स्टॉप गावाच्या पार त्या टोकाला. तू इथं माझ्यासमोर उभा आहेस."

"आणि तिकडंच निघालोय," तो हसला. "हितलं पॅसेंजर सोडलं, आता स्टॉपावर जाऊन लायनीत लागायचं. मग माझा नंबर. चाचाला जरा येळ लागंल, सावलीत हुबा ऱ्हावा." आणि खरोखरच तो रिकामी रिक्षा घेऊन निघून गेला.

मिरजेचं चैत्रातलं ऊन. मी एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली उभी राहिले. दरम्यान 'हाक'ची आणखी एक रिकामी रिक्षा समोरून गेली. तिनंही हात हलवून नमस्कार केला आणि पुढे गेली. सौजन्य भरपूर होतं, रिक्षा तेवढी नव्हती. बऱ्याच वेळानं एक जुनीपुराणी रिक्षा खोकत आली. आत पांढऱ्या दाढीचे बाबालालचाचा.

"लई थांबावं लागलं का, बेटी? वाटंत आमचा अमर भेटला. त्यानं सांगितलं, म्याडम सावलीत हायत म्हणून."

मी हसू दाबलं. खरं सांगायचं तर मला कुठंच जायचं नव्हतं. मी प्रतिस्पर्धी कंपनीची माणूस. पुण्याच्या एका मोठ्या रिक्षा-अ‍ॅपनं मला मिरज-सांगलीत धंदा उभा करायला पाठवलं होतं, कारण मी जयसिंगपूरची, इकडचं बोलणं मला येतं. आमचं स्टिकर जांभळं होतं. दोन महिने मी गावभर फिरत होते आणि जांभळं स्टिकर लावायला एकही रिक्षावाला तयार नव्हता. म्हणून त्या दिवशी गिऱ्हाईक बनून 'हाक'चीच परीक्षा घ्यायला निघाले होते.

"चाचा, तो अमर माझ्यासमोर रिकामा उभा होता. त्यानंच नेलं असतं तर?"

"असं कसं? नंबर माझा हुता न्हवं?" चाचांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "आमच्या स्टॉपाची रीत हाय. जो पयला लागला, त्याला पयलं गिऱ्हाईक. जवळचं असू दे नायतर लांबचं, निवडानिवड न्हाई. माझा गुडघा गेलाय, लाईन पुढं सरकली की मला रिक्षा ढकलाय येत न्हाई. तर मागचा पोरगा उतरतो, माझी ढकलतो, मग सोताची. मी नमाजला गेलो तरी माझी रिक्षा आपली पुढं पुढं जातीया. नंबराला गुडघा दिसत न्हाई, बेटी."

चाचांनी मला दवाखाना स्टॉपवर आणून सोडलं. मोठ्या दवाखान्याच्या फाटकासमोरचा हा स्टॉप म्हणजे गावातल्या सगळ्या स्टॉपांचा थोरला भाऊ. कर्नाटकातून, कोकणातून पेशंट येतात, फाटकातून बाहेर पडतात आणि समोर रिक्षा उभी असतेच. रिक्षा असते म्हणून पेशंट दुसरीकडे बघत नाहीत, आणि पेशंट येतात म्हणून रिक्षा तिथून हलत नाहीत. आठवड्याच्या बाजाराचं तसंच असतं. विकणारे येतात म्हणून घेणारे येतात, घेणारे येतात म्हणून विकणारे. आमची कंपनी हेच मोबाईलवर करायला निघाली होती. या लोकांनी ते आमच्या जन्माआधी करून ठेवलं होतं.

आणि हा स्टॉप ज्यांच्या शब्दावर चालायचा, ते सातगोंडा आण्णा. स्टॉपचे अध्यक्ष. खाकी शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा, कमी बोलणारा माणूस. आम्ही येणार असं कळताच त्यांनी इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पुतण्याकडून 'हाक' बनवून घेतलं होतं आणि एकच नियम घातला होता: जांभळं लावलं की नंबर गेला. मग तो कुणी का असेना. आण्णांना बाकी काही नको होतं. स्टॉप फुटता कामा नये, एवढाच त्यांचा ध्यास होता, आणि तो त्यांनी कुणापासून लपवला नव्हता.

पण अ‍ॅप बनवताना त्यांनी नंबरही त्यात घातला. गिऱ्हाईक कुठूनही बोलवू दे, कॉल यायचा स्टॉपवरच्या एका मोबाईलवर. आण्णा तो बघायचे आणि लाईनीत पहिल्या असलेल्याला ओरडून सांगायचे. जगात दुसऱ्या कुणी असं अ‍ॅप बनवलं नसेल. पुतण्यानं समजावून पाहिलं होतं म्हणे. आण्णांनी त्याला विचारलं होतं, "मोबाईल आला म्हणून रीत बदलायची व्हय?"

संध्याकाळी मी पुण्याला फोन केला. माझे साहेब कौशिक सर सगळं ऐकून मनसोक्त हसले.

"म्हणजे रिकामी रिक्षा समोरून जाते आणि गिऱ्हाईक उन्हात? मेघना, तू काही करू नकोस. ते आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतायत, तर मध्ये हात कशाला घालायचा? लोक कंटाळतील, 'हाक' मरेल, मग सगळे रांगेनं तुझ्या दारात."

मला ते पटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमर माझ्या ऑफिसच्या दारात. ऑफिस म्हणजे औषधाच्या दुकानाशेजारची एक खोली. "आण्णांनी बलावलंय," म्हणाला. गिऱ्हाईक बनून गेलेलं कळलं असणार. मिरजेत काय लपतंय?

स्टॉपमागच्या चहाच्या गाड्याजवळ आण्णा बसले होते. त्यांनी बाक रुमालानं पुसला, मला बसायला सांगितलं, चहा मागवला.

"काल आमची रिक्षा बलावली हुती तुमी."

"हो."

"गिऱ्हाईक म्हणून न्हवं. बघायला."

"हो," मी म्हटलं. नाकारून उपयोग नव्हता.

"बघायला काय हरकत न्हाई. दुकान मांडलंय म्हटल्यावर कुणी बी येणार." त्यांनी बशीत चहा ओतला. "तुमी जयसिंगपूरच्या उपाध्यांच्या न्हवं? तुमचे वडील ब्यांकेत हुते. चांगला माणूस. म्हणून घरच्या पोरीला इचारावं तसं इचारतो. आमची 'हाक' का चालंना?"

इतकं सरळ विचारलं की खोटं जुळवायला सवडच मिळाली नाही. शिवाय आपल्याला येणारं उत्तर सांगायची खाज मला शाळेपासूनची.

"तुम्ही नंबर मोबाईलवर आणलात म्हणून," मी म्हणाले. "आण्णा, स्टॉपवर गिऱ्हाईक तुमच्यापर्यंत चालत येतं. तिथं नंबर बरोबर आहे. पण मोबाईलवर गिऱ्हाईक असेल तिथंच उभं असतं. त्याला जवळची रिक्षा लागते. ती लवकर आली नाही तर ते पुन्हा बोलवत नाही. गिऱ्हाईक कमी झालं की पोरं मोबाईल बघायचं सोडतात. पोरांनी सोडलं की आणखी वेळ लागतो, मग आणखी गिऱ्हाईक जातं. हे चाक एकदा उलटं फिरायला लागलं की थांबत नाही."

आण्णांनी बशी हातातच धरून ठेवली. बशीतला चहा निवला.

"म्हंजे नंबर मोडायचा."

"मोबाईलवरचा. स्टॉपवरचा राहू दे की."

"नंबर दोन असत्यात व्हय?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, खरंच माहीत नसल्यासारखं. मग उठले. "दुपारी जेवून सगळी असत्यात. हेच त्यांच्याफुडं सांगा."

अशी मी, जांभळ्या स्टिकरची बाई, हिरव्या स्टिकरवाल्यांच्या बैठकीत त्यांचंच अ‍ॅप कसं सुधारायचं ते सांगायला उभी राहिले. कौशिक सरांना कळलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथं मला नारळ दिला असता. पण मला त्या क्षणी मजा येत होती, आणि खोटं कशाला बोलू, जरा भावही खाल्ला. तीसेक माणसं आपापल्या रिक्षांच्या सावलीला बसून ऐकत होती.

माझं झाल्यावर अमर उसळून उठला. "मी काय दुसरं सांगत हुतो? ह्या आपल्या वाईटावर असून खरं बोलल्या. काल ह्यांना मी सोडून आलो, तवा माझीच मला लाज वाटली. लोक हसाय लागल्यात आपल्याला."

"बरोबर हाय," दोघंतिघं म्हणाले.

"आणि चाचाचं काय?" आण्णांनी विचारलं. "कुणी उत्तर द्या. मी इथनं ओरडतो तवा त्याला कॉल मिळतो. उद्या ज्याच्या त्याच्या मोबाईलवर येणार. त्याला वाचाय येत न्हाई, फिरत ऱ्हायाची ताकद न्हाई. गिऱ्हाईक जवळ असलेल्याला मिळणार, आणि जवळ कोण असणार? दिवसभर भटकणारी तरणी पोरं. ह्याच्या वाट्याला काय?"

अमर पायानं माती उकरायला लागला. चाचा मात्र रिक्षाचा दांडा धरून हळूहळू उभे राहिले.

"आण्णा, माझं नाव काढू नगंस," ते म्हणाले. "माझ्या एका गुडघ्यापायी सगळ्या पोरांना लंगडं करतोस काय? मला फाटकातलं गिऱ्हाईक बास हाय. स्टॉपावरचा नंबर तर हायच की. मोबाईलवरचा काढा. मीच म्हणतोय, काढा."

हात वर झाले. चाचांचा पहिला. आण्णांचा सगळ्यांत शेवटी. तोही खांद्याच्या वर गेला नाही. जाताना अमर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "ताई, तुमी आमच्याकडंच या की कामाला." म्याडमची ताई मी त्या दुपारी झाले.

आठवड्याभरात पुतण्यानं 'हाक' बदललं. आणि ते चाललं! चांगलंच चाललं. बोलावलं की रिक्षा दारात. शिक्षिका, दुकानदार, क्लासला जाणाऱ्या मुली, सगळ्यांच्या मोबाईलवर हिरवी 'हाक'. अमरची गाडी तर जमिनीवर टेकत नव्हती. कौशिक सरांचे फोन कडक व्हायला लागले. "ते अचानक शहाणे कसे झाले?" त्यांनी विचारलं. "कुणीतरी सांगितलं असेल," मी म्हटलं. माझी बदली किंवा गच्छंती ठरल्यासारखीच होती. मी मनातल्या मनात बॅग भरली होती, आणि गंमत म्हणजे मला फारसं वाईट वाटत नव्हतं. आण्णांचा स्टॉप तरला, याचा थोडा अभिमानच होता.

मग पावसाळ्याच्या तोंडावर एक दिवस दवाखान्याच्या फाटकासमोरून जाताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. लाईन आखूड होती. अगदीच आखूड. पूर्वी पॅसेंजर सोडलं की पोरं स्टॉपवर परत यायची, कारण पुढचं गिऱ्हाईक तिथंच मिळायचं. आता सोडलं तिथंच दुसरा कॉल यायचा. मग परत कशाला यायचं? एक पेशंट आणि त्याची बायको फाटकातून बाहेर आली, इकडेतिकडे बघितलं. एकच रिक्षा होती, ती दुसऱ्यानं घेतली. बायकोनं पिशवी खाली ठेवली आणि मोबाईल काढला.

मी तिथंच थबकले. पुढचं सगळं मला दिसलं, आणि ते तसंच झालं.

ज्याला स्टॉपवर यायचंच नाही, त्याला नंबर जाण्याची भीती कसली? आण्णांचा नियम अजून होता, पण त्यातला दम गेला होता. अमरनंच पहिल्यांदा हिरव्याशेजारी जांभळं लावलं. "दोन्ही ठिवतो, ताई. ज्याचा कॉल येईल त्याचा," म्हणाला, अगदी निरागसपणे. त्याचं बघून दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. आता दोन्ही अ‍ॅपवर तीच रिक्षा, तोच माणूस, जवळच्याला कॉल हीच रीत. फरक एवढाच की आमच्याकडे पुण्या-मुंबईहून येणारी गिऱ्हाइकं होती, जाहिराती होत्या, उतरवलेलं भाडं होतं. 'हाक'ला जगात आपलं असं एकच होतं, तो नंबर. तो होता तोवर ते वाईट चालायचं, पण त्याला सोडून कुणी जात नव्हतं. मी तो काढायला लावला, आणि ते आमच्यासारखंच झालं, फक्त आमच्याहून लहान. लहान बाजार आणि मोठा बाजार एकाच दिवशी भरले की लहान उठतो. कुणी भांडलं नाही. दिवाळीपर्यंत हिरवी स्टिकरं उन्हानं पांढरी पडली.

कौशिक सरांनी पेढे पाठवले. "आधी त्यांची साखळी आतून सोडवलीस. कमाल डोकं!" त्यांना अमरकडून बैठकीचं कळलं होतं. मी त्यात डाव नव्हता असं सांगून बघितलं. ते म्हणाले, "विनय पुरे." मला बढती मिळाली, नाशिकला.

मी सामान बांधत होते त्या दिवसांतच आण्णा ऑफिसात आले. बरोबर चाचा, आण्णांच्या खांद्यावर हात ठेवून. वरचं बटण लावलेलंच होतं.

"दोघांचं नाव घालायचं तुमच्यात," आण्णा म्हणाले.

मी खुर्च्या दिल्या. पोरानं घेऊन दिलेला मोबाईल चाचांनी कापडातून काढला. मी अ‍ॅप घातलं, सरावाचा कॉल कसा येतो ते दाखवलं. स्क्रीनवर गोल उजळला. "दाबा चाचा." चाचांनी अंगठा टेकवला. जन्मभर रिक्षाची मूठ पिळून त्यांचा अंगठा घट्टे पडून खरखरीत झालेला; काचेला तो कळेचना. त्यांनी पुन्हा दाबला, जोर लावून दाबला. गोल विझला.

"कुठं गेलं?"

"कॉल दुसऱ्याकडे गेला, चाचा."

"कुणाकडं?"

"जो जवळ असेल त्याच्याकडे."

आम्ही आणखी थोडा वेळ खटपट केली. मग चाचा म्हणाले, "गुडघा धरलाय, मी जरा भाईर बसतो. आण्णा, तू बघ काय त्ये," आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले.

आण्णांनी आवाज खाली आणला. "मी त्याच्या शेजारीच हुबा असतो. माझ्यावर आलेला कॉल त्याला दिला तर?"

"चालत नाही, आण्णा. ज्याच्या नावावर कॉल, त्याच्याच गाडीनं जायचं. नाहीतर दोघांचंही बंद करतात."

"मग त्याचे कॉल मी दाबीन. तेवढं तरी?"

"एका माणसाला एकच मोबाईल चालवता येतो."

"तुमच्यात असलं काय न्हाईच? कुणी मागं ऱ्हायला तर त्याला घिऊन जायाची काय तर सोय असंल की."

"नाही," मी म्हटलं. "तशी सोय नाही."

मी मान खाली घालून उगीच टेबलावरची स्टिकरं सारखी केली. "आण्णा, मी त्या दिवशी तुमच्या भल्याचंच सांगितलं होतं."

"ठावं हाय मला. तुमी खरं सांगितलं, म्हणून तर ऐकलं. खोटं असतं तर वळखलं असतं मी." त्यात टोमणा नव्हता, असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी पायरीवर बसलेल्या चाचांकडे पाहिलं. मग म्हणाले, "घरात नातीचं शिक्षान चाललंय. माझ्या एकट्याचंच घाला."

मी घातलं, एक जांभळं स्टिकर त्यांच्या हातात दिलं. त्यांचा अंगठा काचेनं ओळखला.

"फाटकातनं येणारं एखादं गिऱ्हाईक मी चाचाकडं वळवीन," ते दबक्या आवाजात म्हणाले. "म्हणीन, तुझं मोबाईलवर आलंय. त्याला कुठं वाचाय येतंय."

बाहेरून चाचांचा आवाज आला. "झालं का रं दोघांचं?"

इतक्या वर्षांत सातगोंडा आण्णा खोटं बोललेले मिरजेत कुणी ऐकलं नव्हतं. "झालं," ते म्हणाले. आणि माझ्यापुढे हात केला. "ताई, आणि एक स्टिकर द्या."

मी दिलं.